डॉक्टर होणाऱ्या लेकरालाही विचारा

परवा तालुक्यातील एक शेतकरी दवाखान्यात आले. तब्येतीची तक्रार काही नव्हती. मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला तेव्हा गडावर रेणुकामातेची ओटी भरून मला पेढे देऊन गेलेले हेच गृहस्थ. आता खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगी फोनवर नुसती रडायलीय. इंटर्नशिप लागल्यापासून झोप नाही, जेवण जात नाही म्हणते. थोडं सोस म्हणलं मी. चुकलं का माझं?"

'सोस' हे आम्हालाही सांगितले गेले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी इंटर्न होतो. गणपती विसर्जन करून झोपलेली गावे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आम्हा पोरांना जीपमध्ये बसवून तिकडे नेले. जे पाहिले ते लिहीत नाही. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी नेहमीची पाळी लागली. जेवलात का, झोप येते का, असे एकाही वरिष्ठाने विचारले नाही. माझा एक सोबती पुढे महिनाभर दिवा लावून झोपायचा. आम्ही त्याला हसायचो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

काळ बदलला म्हणावे, तर २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातील मुलगी. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेताना तिने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप घरच्यांनी केला. प्रकरण न्यायालयात गेले. तिला त्रास होत होता हे घरच्यांना ठाऊक होते. ऐकून घेणारे माणसच रुग्णालयात नसेल तर घरच्यांनी तरी काय करावे?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. उत्तरे देणाऱ्या पंचवीस हजारांवर एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक दिवस सुटी हवी, अशी शिफारसही झाली. ७४ तास म्हणजेही थोडे नव्हेत! कागदावर तर सलग बारा तासांची मर्यादा १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेपासूनच आहे. नर्सिंगच्या मुलींविषयी तर कोणी बोलतही नाही. पाळी त्याच वॉर्डात, आणि बोलणी सगळ्यांचीच खायची.

माझे मत स्पष्ट आहे. वॉर्डात पेशंट दगावला की त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या पोरांना बाजूला घेऊन दहा मिनिटे बोलणे हेही शिक्षकाचेच काम आहे. आणि ज्या सरांच्या हाती परीक्षेचे गुण, त्यांच्याकडेच तक्रार करा म्हणणे ही थट्टा आहे. तक्रार ऐकणारा माणूस विभागाबाहेरचा हवा.

त्या गृहस्थांना जे सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. सुटीच्या दिवशीही झोप लागत नाही, अन्न नकोसे होते, मूल फोन टाळते, 'मी नसलेलीच बरी' असे बोलते, तर ते नाटक समजू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. उत्तर 'हो' आले तर तिला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ देऊ नका. डॉक्टर मंडळी यात फार वाईट रोगी असतात, मीही त्यातलाच. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. वर्ष वाया जाईल ही भीती सोडा. सहा महिने उशिरा डॉक्टर झालेली मुलगी डॉक्टरच असते.

गृहस्थांनी नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठी टोपीत खोवली आणि उठता उठता विचारले, "पहाटेची पहिली एस.टी. किती वाजता हो?"