कबुतरखान्याचा वाद आणि तज्ज्ञांची साक्ष



जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची सूचना महानगरपालिकेला केली. त्यानंतरच्या महिन्याभरात या विषयाने आपल्या समाजाचे मन जेवढे ढवळून काढले, तेवढे अलीकडे एखाद्या कराच्या कायद्यानेही काढले नसेल. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली. ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली, पोलीस आले, छायाचित्रे निघाली आणि देशभर फिरली. या गदारोळात दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयात जे घडले, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय आपला नसून महापालिकेचा आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले आणि प्रश्न मानवी आरोग्याचा असल्याने तो तज्ज्ञांच्या समितीने तपासावा, अशी दिशा दाखविली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पुढे समिती नेमली गेली.

ताडपत्रीविषयी आपल्या प्रत्येक पेढीवर बोलणे झाले आहे. समितीपुढे समाजाने काय मांडावे, याविषयी मात्र फारसे बोलणे कानी आले नाही. तज्ज्ञांचा वाद हा ज्यांचे मत ठरलेले आहे त्यांच्यासाठी नसतोच. पण ज्यांच्या हातून रोज दाणे पडतात, त्यांनी तरी तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम वैद्यांचे म्हणणे, कारण तेच सर्वांत ठाम आहे. कबुतराच्या पिसांवर पिठासारखी बारीक भुकटी असते. ती आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ यांत काही प्रथिने असतात. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे ही धूळ श्वासातून जात राहिली, तर काही माणसांची प्रतिकारशक्ती तिला शत्रू समजून फुप्फुसाच्या आतल्या नाजूक भागातच दाह उत्पन्न करते. याचे वैद्यकीय नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा जंतुसंसर्ग नव्हे आणि एकापासून दुसऱ्याला होतही नाही. कबुतरे पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाचा हा विकार १९६५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात वर्णिला गेला; दादरच्या वादासाठी तो कोणी शोधून काढलेला नाही. वेळेवर ओळखून धुळीचा संपर्क तोडला तर रोगी पुष्कळदा सुधारतो. उशीर झाला तर फुप्फुसात व्रणासारखे तंतू तयार होतात आणि ते भरून येत नाहीत. मग जिना चढताना दम लागतो, आणि काहींच्या उशाशी प्राणवायूचे यंत्र येते. ‘आमच्या आजोबांनी पन्नास वर्षे दाणे घातले, त्यांना काही झाले नाही’ हे उत्तर येथे लागू पडत नाही. सर्वांना होत नाही, हे वैद्य स्वतःच सांगतात. प्रश्न ज्यांना होते त्यांचा आहे, आणि ते बहुधा दाणे घालणारे नसून समोरच्या इमारतीत राहणारे असतात.

इथपर्यंतची साक्ष मला निर्विवाद वाटते. ती नाकारण्यात समाजाने एक तासही खर्च करू नये.

खरा वाद यापुढे सुरू होतो, आणि तो तज्ज्ञांतही आहे. छातीविकारतज्ज्ञाकडे जो येतो तो आजारीच असतो. त्याच गल्लीत निरोगी राहिलेले किती, हे त्याच्या दवाखान्यात बसून दिसत नाही. ती मोजदाद सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकाने करायची असते. रक्तात कबुतराविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, तर त्या माणसाचा कबुतरांशी संपर्क आला एवढे सिद्ध होते. रोग आहे की नाही हे सीटी स्कॅन आणि इतर तपासण्या मिळून ठरवितात. शिवाय हा संपर्क कुठे आला? चौकातल्या कबुतरखान्यामुळे, की स्वतःच्या बाल्कनीत वातानुकूलन यंत्रामागे घरटे करून राहिलेल्या जोडीमुळे? किती अंतरावर किती धूळ पोहोचते? धोरण ठरविताना या प्रश्नांना फार महत्त्व आहे, कारण घरटे हे मुख्य कारण असेल तर चौक बंद करून रोग्याला उतार पडणार नाही. त्याला आधी खिडकीला जाळी लागेल.

एक आकडा या वादात दोन्ही बाजूंनी फेकला गेला, म्हणून त्याची नीट ओळख करून घेऊ. देशातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या अशा विकारांच्या १,०८४ नव्या रुग्णांची नोंद केली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५१३, म्हणजे ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. हा आकडा पाहून ‘निम्मे रोगी कबुतरांमुळे’ असे म्हणणारे लोक भेटतात. ते त्याच अभ्यासातली पुढची ओळ वाचत नाहीत. या ५१३ रुग्णांपैकी ४८.१ टक्क्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता, कारण ओल्या जाळीवर बुरशी धरते. तेव्हा कबुतर हे अनेक कारणांपैकी एक ठरते. मात्र ही ओळ वाचून कबुतर निर्दोष सुटले असे मानणाराही तितकाच चुकतो. देशभराच्या सरासरीत कूलर पुढे असेल. मुंबईच्या दमट हवेत कूलर चालवितो कोण? तेथील रुग्णाची कहाणी वेगळी असू शकते. वॉर्डनिहाय मोजणी हवी, ही मागणी म्हणून रास्त आहे. ती आपण केली पाहिजे आणि तिचे उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी ते स्वीकारण्याची तयारी ठेवून केली पाहिजे.

आता पक्षितज्ज्ञ. त्यांचे म्हणणे आपल्याला अधिक अवघड वाटावे असे आहे, कारण ते जीवदयेच्या घरातच प्रवेश करते. शहरी कबुतर हे मूळच्या कड्याकपारीतल्या पक्ष्याचे वंशज. इमारतींचे सज्जे त्याला कड्यांसारखेच वाटतात. ते एका वेळी दोन अंडी घालते. पिलांना आईबाप दोघेही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे दूध पाजतात, त्यामुळे पिलांसाठी किडे शोधण्याची चिंता नाही, ऋतूचे बंधन नाही. मर्यादा उरते ती अन्नाची. एका जागी रोज पोत्यांनी दाणे पडले की ती मर्यादा उठते, संख्या वाढते आणि पाण्याच्या एकाच कुंडावर शेकडो चोची बुडतात. घशाचा ट्रायकोमोनिएसिस हा रोग पाण्यातून आणि चोचीतून असाच पसरतो. त्याने पिलू उपाशी मरते, कारण त्याला गिळता येत नाही. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात, आणि मग उंदरांवर विष येते. हे विषही आपल्या दाण्यांच्या खात्यावर नावे पडायला नको काय?

तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्राणघाताच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. जे कळू शकत होते ते जाणून न घेता केलेले कर्म, असा त्याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो. पाच समितींपैकी उत्सर्ग समिती तर मलमूत्र कुठे आणि कसे टाकावे, कोणाला त्रास होणार नाही, हेच शिकविते. साधूने एवढी काळजी घ्यायची आणि श्रावकाने दुसऱ्याच्या खिडकीखाली हजार पक्ष्यांचा थवा जमवायचा, यात विसंगती आहे. या विषयावर गुरुमहाराजांची मते एकसारखी नाहीत याची मला जाणीव आहे. माझे मत मी श्रावक म्हणून मांडतो.

मात्र पक्षितज्ज्ञांच्या याच ज्ञानातून एकदम बंदीच्या विरुद्धही जोरदार युक्तिवाद निघतो, आणि समाजाच्या वतीने तो पुरेशा स्पष्टपणे मांडला गेला नाही. दाणे एका सकाळी थांबले तर प्रौढ कबुतर उडून दुसरीकडे जाईल. घरट्यातले पंधरा दिवसांचे पिलू कुठे जाणार? आणि उडालेले थवे शेजारच्या सोसायटीच्या सज्जांवर बसले तर आरोग्याचा हेतूही साधणार नाही. संख्या घटवायची असेल तर अन्न टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते.

याला स्वित्झर्लंडमधील बासेल शहराचा आधार आहे. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारण्यात आली आणि तरीही शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली, कारण जितकी मेली तितक्यांची जागा अन्नाच्या जोरावर नव्या पिलांनी भरली. हत्येने हा प्रश्न सुटत नाही याचा इतका रोकडा पुरावा शोधूनही सापडायचा नाही. १९८८ पासून विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. जास्त खाऊ घातल्याने कबुतरांचीच कशी दैना होते, हे फलकांतून आणि पत्रकांतून लोकांना पटवून दिले. खाद्य घालणे कमी झाले आणि सुमारे चार वर्षांत मोजलेल्या थव्यांतील संख्या १,४०० वरून ७०८ वर आली. देखरेखीखालच्या काही घरट्यांतून त्यांनी अंडीही काढून घेतली. हा भाग कोणत्याही जैन संस्थेने स्वीकारावा असे मी सुचविणार नाही. पण ज्यांनी तो प्रयोग केला त्यांनीच निर्णायक महत्त्व दिले आहे ते अन्न कमी करण्याला, आणि ते आपल्या हातात आहे.

वादाच्या भाषेविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला, तेव्हा बौद्ध, नैयायिक, सांख्य, मीमांसक यांची मते त्यांच्याच शब्दांत शोभतील अशी मांडली आणि लोकायतालाही जागा दिली. खंडन त्यांनी अन्य ग्रंथांत केले, आणि कडकपणे केले. पूर्वपक्ष आधी पूर्ण ऐकायचा, ही आपली जुनी शिस्त. २०२५ मध्ये मात्र समाजमाध्यमांवर ‘कबुतरांमुळे रोग होतोच असे नाही, हे सारे आपल्या धर्माविरुद्धचे कारस्थान आहे’ असे संदेश आपल्याच गटांतून फिरत होते. समोरूनही काही कमी झाले नाही. एका पक्ष्याच्या प्रश्नाचा मराठी विरुद्ध गुजराती-मारवाडी असा वाद करण्यात आला. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, शेती करणारे जैन लाखोंनी आहेत, सांगली-कोल्हापूरकडे जाऊन कोणीही पाहावे. त्यांना या वादात कुठे उभे करायचे, याचे उत्तर कोणत्याच बाजूच्या वक्त्याकडे नव्हते. ज्या आईच्या फुप्फुसाला तंतू धरले आहेत तिला या दोन्ही भाषणांचा काही उपयोग नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या आरंभी महापालिकेने चार ठिकाणी, सकाळच्या ठरावीक वेळेपुरती, तात्पुरती परवानगी दिली. ही चार ठिकाणे प्रयोगशाळा म्हणून वापरता येतील. परवानगीच्या काळात तेथे किती दाणे पडले, किती पक्षी आले, आसपासच्या रहिवाशांचा खोकला वाढला की नाही, याची नोंद ठेवली तर पुढच्या निर्णयाला काही पाया मिळेल. नुसते दाणे टाकून परत आलो तर विरोधकांच्या हाती तक्रारी येतील आणि आपल्या हाती काहीच नसेल.

आणखी एक गोष्ट अशी की जी कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही आणि आपल्याकडे असली पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवावे लागतात आणि तपासून घ्यावे लागतात. जिथे जिथे न्यासातर्फे दाणे घातले जातात, तिथे ज्वारी, बाजरी, चणे यांची खरेदी वर्षानुवर्षे वहीत चढलेली असणार: किती पोती, कोणत्या महिन्यात, कोणत्या भावाने. एखाद्या चौकातले खाद्य वीस वर्षांत दुप्पट झाले की स्थिर राहिले, हे त्या वह्यांवरून एका रविवारी काढता येईल. कबुतरांची वाढ दाण्यांमुळे की इमारतींच्या सज्जांमुळे, या प्रश्नाला त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाने चालविलेले पक्षी रुग्णालय आहे. तेथील वैद्यांनी थव्यातली कबुतरे किती पाहिली असतील! तेथील अनुभवी वैद्यास साक्षीसाठी बोलवावे, अशी विनंती समितीकडे करण्यास कोणाची आडकाठी आहे?

जे वाचक अशा न्यासांचे विश्वस्त आहेत, त्यांनी आपल्या मुनिमांना या महिन्यात जुने खरेदीखाते काढायला सांगावे. धान्याचे आकडे महिन्यावार एका कागदावर उतरवावेत, त्यावर न्यासाचा शिक्का घ्यावा आणि एक प्रत समितीकडे, एक आपल्या वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे पोचती करावी.