ज्वारी तिकडची, तूर इकडची

आपले शेजारी देश कोणते, असे शाळकरी मुलाला विचारले तर पाकिस्तान, चीन, नेपाळ, बांगलादेश ही नावे तो घडाघडा सांगतो. पश्चिमेकडच्या शेजाऱ्याचे नाव त्यात येत नाही, कारण मधे समुद्र आहे आणि समुद्र म्हणजे कुंपण अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात कित्येक शतके हा समुद्र रस्त्यासारखा वापरला गेला. हिवाळ्यात ईशान्येचे वारे सुटले की आपल्या किनाऱ्यावरची गलबते पूर्व आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की परत फिरत. जो मान्सून भोकर, मुदखेड, हदगावच्या शेतकऱ्याला दरवर्षी आशेला लावतो, त्याच्याच जोरावर ही ये-जा चाले. आज मुंबईहून टांझानियातल्या दारेस्सलामला थेट विमान मिळाले तर सहा तासांच्या आसपास पोहोचता येते. भोकरहून नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये टांझानियात तीन आठवडे राहण्याचा योग आला. भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याचा बरेच दिवस आग्रह होता. परत आल्यावर गावात जो भेटेल तो आधी एकच विचारी : सिंह दिसला का? दिसला. पण सेरेंगेटीचे सिंह आणि किलिमांजारोचे शिखर यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते बाबाती या गावाबद्दल. अरुषा शहरापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवरचे हे जिल्ह्याचे ठिकाण. एक मोठा रस्ता, त्याच्या कडेने दुकाने, बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून येणारी माणसे, शेळ्या, कोंबड्या, केळ्यांचे घड आणि धान्याच्या गोण्या. डोळे अर्धवट मिटून पाहिले तर आपला मोंढा आणि आठवडी बाजार एकाच जागी भरला आहे असे वाटावे.

पहिला धक्का बसतो तो भाषेचा. स्वाहिली आपल्याला परकी, पण कान देऊन ऐकले की ओळखीचे शब्द भेटू लागतात. पुस्तकाला किताबू, लेखणीला कलामू, हिशेबाला हेसाबू, औषधाला दावा, बातमीला हबारी, दुकानाला दुका, रंगाला रांगी. तारखेला तारेहे आणि वकिलाला वकिली. सरकारला ते सेरिकाली म्हणतात, तिजोरीला हाझिना आणि न्यायाधीशाला हाकिमू. यातले बहुतेक शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याच्या कानाला ते पुण्या-मुंबईकडच्या माणसापेक्षा लवकर ओळखू येतात, असा माझा अंदाज आहे. काही शब्द मात्र खास हिंदुस्थानी गलबतांतून उतरलेले : गाडीला गारी, विम्याला बिमा आणि चपातीला चपातीच. गोणीला तिकडे गुनिया म्हणतात. ही गुनिया पुढे पुन्हा येणार आहे.

नात्यांच्या शब्दांनी तर भारी गंमत केली आहे. तिकडे मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! बाबू म्हणजे आजोबा आणि बीबी म्हणजे आजी. (आपला बीबी-का-मकबरा तिकडच्या माणसाला कुणाच्या तरी आजीची कबर वाटायची.) शब्दांची अशी उलटापालट असली तरी वागण्याची रीत सरळ आपल्या ओळखीची. बाईला मूल झाले की तिचे स्वतःचे नाव मागे पडते आणि अख्खी आळी तिला मुलाच्या नावाने हाक मारू लागते. आपल्याकडे खेड्यात ‘अमक्याची माय’ म्हणतात तसेच. लहानांनी मोठ्यांना ‘शिकामू’ म्हणायचे आणि मोठ्यांनी ‘मराहबा’ म्हणून ते स्वीकारायचे, हा रिवाज रस्त्यात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी अजून पाळला जातो. शेजारच्या घरातली चारपाच वर्षांची पोर मला रोज सकाळी शिकामू घालून जाई. तिच्या वयाच्या आपल्याकडच्या मुलांना पाहुण्यासमोर ‘अंकलना हॅलो म्हण’ असे सांगावे लागते.

काम करणारा माणूस दिसला की ‘पोले’ म्हणतात. दमलात का, त्रास होतोय का, अशी विचारपूस त्या एका शब्दात असते. ठेच लागली तरी पोले, घरात कुणी गेले तरी पोले. मराठीत याला नेमका शब्द मला सापडला नाही.

घड्याळाची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. त्यांचा दिवस मध्यरात्री सुरू न होता सूर्य उगवल्यावर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, आठ म्हणजे दोन. मनगटावरच्या घड्याळात काटा सातवर असतो आणि माणूस खुशाल एक वाजला म्हणून सांगतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखी असल्याने हे सहज चालते. आपल्या आजोबांच्या पिढीतली प्रहर मोजणारी माणसे तिथे चटकन रुळली असती.

रस्त्यावर तीनचाकी रिक्षा दिसली की तिला ‘बाजाजी’ म्हणायचे. हे नाव कुठून आले ते सांगायला नको. वाळूजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या रिक्षांनी त्या देशाच्या भाषेत एक नाम भरले. कंपनी कोणतीही असो, तीनचाकी ती बाजाजी. माझ्या मराठवाड्याचा माल आहे म्हणून मी एका चालकाला अभिमानाने सांगितले. त्याने भाडे काही कमी केले नाही. पैशाला तिकडेही पेसाच म्हणतात आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय तिथे २००८ पासून आहे. आपले यूपीआय २०१६ मध्ये आले. भाजीवाली म्हातारी साध्या बटणांच्या फोनवर पैसे घेते हे पाहिल्यावर आफ्रिका म्हणजे मागासलेला खंड हे शाळेत बसलेले चित्र जरा हलते.

आता जेवण. मुख्य अन्न उगाली. उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ घालून लाकडी पळीने घोटत राहायचे, ज्वारीच्या कण्यांपेक्षा पुष्कळ घट्ट होईपर्यंत. जेवणाआधी घरातले कुणीतरी तांब्याने हातावर कोमट पाणी घालते. मग उजव्या हाताने घास तोडायचा, गोळा करायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात कालवण भरून घ्यायचे. सोबत बहुधा राजम्यासारख्या शेंगदाण्यांचे, नव्हे, शेंगांतल्या दाण्यांचे कालवण आणि मचिचा नावाची पालेभाजी, म्हणजे आपला माठ. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरेना. चौथ्या दिवशी भाकरीची आठवण कमी झाली.

भाकरीची आठवण काढायचे कारण असे की ज्वारी मूळची आफ्रिकेची. ईशान्य आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला, ती पहिल्यांदा माणसाळली आणि हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. बाजरी आणि चवळीही तिकडचीच. हुरडा, कण्या, भाकरी, धपाटे यांशिवाय मराठवाड्याची कल्पना करून पाहावी. ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो ते इथे पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. माणसांचेही तसेच. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी देणारी त्याची नहर शतकानुशतके वाहिली. हैदराबादेत ‘ए. सी. गार्ड्स’ नावाची वस्ती आहे. तिथे निजामाच्या आफ्रिकी घोडदळातल्या शिपायांची घरे होती.

आणि जी आपण तिकडे दिली ती तूर. तुरीचे मूळ भारतात. समुद्रमार्गे ती आफ्रिकेत गेली, तिथे तिला म्बाझी म्हणतात. किनाऱ्यावरचे लोक ती नारळाच्या दुधात शिजवून मोठ्या आवडीने खातात. पण बाबातीकडे चित्र वेगळे. तिथला शेतकरी मक्यात तुरीच्या ओळी घेतो, जसा आपला सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत घेतो, आणि स्वतःच्या ताटात मात्र ती फारशी वाढत नाही. ती पिकते विकण्यासाठी, आणि तिचे मोठे गिऱ्हाईक एकच : आपण.

मी गेलो तेव्हा काढणी चालली होती. अंगणात काठ्यांनी तूर बडवणाऱ्या बाया, वाऱ्यावर उडणारा भुसा, सावलीत झोपवलेले तान्हे मूल. क्षणभर मला आपण परदेशात आहोत याचा विसर पडला. फरक एवढाच की आपल्याकडे हे दृश्य डिसेंबर-जानेवारीत दिसते आणि तिकडे जुलै ते सप्टेंबरात. याच फरकात सगळा व्यापार आहे. तिकडची तूर बोटीत भरून आपल्याकडे येते ती सणासुदीच्या महिन्यांत, आपली नवी तूर मोंढ्यावर येण्याच्या आधी. शहरातल्या गृहिणीला तिचा आधार होतो, हे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती तेव्हा वरण पातळ झाले नाही असे मध्यमवर्गीय घर क्वचितच असेल.

त्या महागाईनंतर जे घडले ते बाबातीतल्या आणि भोकरमधल्या दोन्ही शेतकऱ्यांच्या अंगावर आले. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळ खरेदीचा करार केला. पूर्व आफ्रिकेत शेतकऱ्यांनी हौसेने तुरीचा पेरा वाढवला. इकडे आपल्यालाही तूर पेरण्याचा सल्ला मिळाला, पाऊस चांगला झाला आणि विक्रमी पीक आले. ५,०५० रुपये हमीभाव असताना मोंढ्यावर त्याहून कितीतरी खाली तूर विकली गेली. २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा आणि बारदाना संपल्याची कारणे नांदेड-लातूरकर विसरलेले नाहीत. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती उशिरा आली, त्याचा माल तोवर विकून झाला होता. आणि टांझानियात नेमकी काढणी सुरू होती. मोझांबिकला कराराचे कवच होते, टांझानियाला नव्हते. भाव कोसळले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला ते वर्ष सांगितले. गुनियांत भरून ठेवलेली तूर त्याने घरात ठेवली, मग तिला कीड लागली, मग ती जनावरांपुढे टाकली. भाचा दुभाष्याचे काम करत होता. गुनिया हा शब्द मला मधे न थांबताच समजला.

मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि पुढे तिची मुदत वाढत गेली. २०२४ मध्ये तुरीने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला ओलांडला, तेव्हा आमच्याकडे लोकांनी पुन्हा पेरा वाढवला. २०२४-२५ या वर्षात देशात दहा लाख टनांहून अधिक तूर बाहेरून आली. २०२५ च्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात नवी तूर आली तेव्हा भाव ७,५५० च्या हमीभावाखाली घसरला.

आपल्या गावात याचा राग आफ्रिकेच्या तुरीवर निघतो. मीही तो राग ऐकत आलो आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. पण बाबातीतल्या अंगणात बसल्यावर हा राग कुणावर काढायचा ते कळेनासे होते. दोघेही कोरडवाहू, दोघांकडेही दोन-चार एकर, दोघांनाही पेरताना भाव ठाऊक नसतो. ग्राहकाची ओरड झाली की दार उघडायचे आणि शेतकऱ्याची ओरड झाली की लावायचे, तेही हंगामाच्या मध्येच, ही दिल्लीची रीत दोघांच्याही पोटावर येते. आयात किती, कोणत्या महिन्यात आणि किती शुल्काने होणार हे जूनच्या पेरणीपूर्वी जाहीर व्हायला काय हरकत आहे? हमीभावाने खरेदी करायची तर केंद्रे आणि बारदाना तूर खळ्यावर येण्याआधी तयार का नसावा? यासाठी नवीन कायदा लागत नाही, वेळापत्रक लागते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सुखाची नाही. जानेवारी २०१६ मध्ये बंगळुरात एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली होती, तिचा कशाशी संबंध नसताना. तीन आठवड्यांत दोघांनी मला तिच्याबद्दल विचारले. आवाज चढवून नाही, अगदी मऊपणाने. चहाचा कप माझ्या हातात देत एका शिक्षिकेने विचारले, ‘आमच्या मुलांना तुमच्याकडे पाठवावे का?’ तिचा मुलगा बारावीला होता आणि पुण्याचा विचार चालला होता. मी पाठवा म्हणालो, आणि माझ्या ओळखीच्यांचे पत्ते दिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी तो म्हातारा शेतकरी मुद्दाम भेटायला आला. हातात पाचेक किलो तूर होती, आहेराची. इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग त्याने हळूच विचारले, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे? चांगला आहे, मी उत्साहाने म्हणालो, पिके जोरात आहेत. भाच्याने ते स्वाहिलीत सांगितले. म्हाताऱ्याने मान डोलावली, देवाची कृपा असे काहीसे म्हणाला, आणि बराच वेळ अंगणातल्या गोण्यांकडे पाहत बसला.