कंपाउंड ऑलिंपिकमध्ये आलं, पण शिकारीचं सामान पोरांच्या हाती नको

सातारा : ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेत पुरुषांचं विजेतेपद पटकावलं. दोघांच्याही हातात कंपाउंड धनुष्य होतं. एप्रिल २०२५ मध्ये या प्रकाराला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली आणि गावोगावचे पालक ऑनलाइन धनुष्यं बघायला लागले. घोळ तिथूनच सुरू होतो.

कंपाउंड मुळात शिकारीसाठीच जन्मलं. अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोरी पूर्ण खेचली की टोकांवरच्या चाकांमुळे हातावरचा भार एकदम उतरतो, म्हणजे हरणावर नेम धरून थांबता येतं. आजही या धनुष्याची मोठी बाजारपेठ अमेरिकी शिकाऱ्यांचीच आहे. त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात दिसणारा संच बहुतेकदा शिकारीचा निघतो.

आता फरक बघा. शिकारीचं धनुष्य झाडीत वावरायला सोपं जावं म्हणून आखूड असतं, चाकापासून चाकापर्यंत साधारण ३० इंच. स्पर्धेचं ३६ ते ४० इंच. आखूड धनुष्यात हाताची जराशी चूकही बाणाला लगेच लागते, आणि ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं फक्त ८ सेंटिमीटरचं. शिकारीची बरीच धनुष्यं ७० पौंडांपर्यंत ताणाची. स्पर्धेची कमाल मर्यादा ६० पौंड. सोबत येणारे धारदार पात्याचे बाण तर मैदानावर चालतच नाहीत. ते लक्ष्याची गादी फाडतात, माणसाला लागले तर काय होईल ते सांगायलाच नको.

‘निदान रानडुकरं तरी हाकलता येतील’ असं म्हणणारे भेटतात. तेही नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. पीक खाणाऱ्या डुकराबाबतही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना बाण सोडला तर गुन्हा दाखल होतो, मग नुकसानभरपाईचा अर्ज बाजूलाच राहतो.

मग घ्यायचं काय? आधी पोराची खेच मोजायची, म्हणजे दोरी ओढल्यावर हात किती मागे जातो ते. वाढत्या वयात ती दरवर्षी बदलते. म्हणून चाकातली खेच आणि ताण दोन्ही बऱ्याच टप्प्यांत बदलता येतील असंच धनुष्य हवं, मग ते जुनं का असेना. बाणाचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, ताणाशी जुळला पाहिजे. खेचेपेक्षा आखूड कार्बन बाण आधारावरून निसटून हातात घुसू शकतो. इथे काटकसर नको. चकचकीत स्कोप, महागडी केस वगैरे नंतर बघता येईल.

खर्चाचा प्रश्न मात्र उरतोच. शाळेत बांबूच्या धनुष्यावर चमकलेलं पोर कंपाउंडकडे वळायचं म्हटलं की पूर्ण संच काही लाखांत जातो. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव मजुराच्या घरातून टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, तो रिकर्व्हवर, आणि जिल्हा परिषद शाळेतून क्रीडा प्रबोधिनीत गेल्यामुळे. एकट्या कुटुंबाला हे झेपत नाही. शिवाय २०२८ ला कंपाउंडची एकच मिश्र सांघिक स्पर्धा आहे, म्हणजे भारतातून फार तर एक मुलगा आणि एक मुलगी. त्या दोन जागांसाठी सोसायटीचं कर्ज काढणं म्हणजे जुगारच.

तालुका क्रीडा संकुलात वेगवेगळ्या ताणाची चार-पाच धनुष्यं सामायिक ठेवली, तर पोरगं वर्षभर त्यावर हात बसवेल आणि घरच्यांना खरेदीचा निर्णय गुणपत्रक बघून घेता येईल. क्रीडा खात्याकडे मागणी करायची तर आधी ही करावी.