बहिणीला वैशाखात थंडी वाजत होती

प्रति,
मा. आयुक्त,
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

महोदय,

आंबिवलीत वैशाखात पंख्याखालीही घाम निथळतो. अशाच एका दुपारी माझी धाकटी बहीण गोधडी ओढून बसली होती. “ताई, थंडी वाजते गं,” म्हणाली. आम्ही लक्ष दिलं नाही. तिला बायपोलर आजार आहे, लिथियम कित्येक वर्षं चालू आहे. तिचं काहीही दुखणं आम्ही त्याच आजाराच्या खात्यावर टाकायचो. वजन वाढलं, केस गळू लागले, बोलणं संथ झालं. ‘डिप्रेशन उलटलं’ म्हणून एका खासगी दवाखान्यात औषध वाढवलं. शेजारीपाजारी तिला आळशी म्हणत.

दीड वर्षानं दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगितली. थायरॉइड मंदावलं होतं. लिथियम तसंच ठेवून त्यांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी जोडली. पुढे काही महिन्यांनी ती एवढंच म्हणाली, “मी सांगत होते ना.” मला उत्तर देता आलं नाही.

मनाचं लिथियमशी आणि थायरॉइडशी असलेलं नातं नवं नाही. या आजारावरचा लिथियमचा गुण जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियातून १९४९ साली मांडला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲशर यांनी थायरॉइड मंदावल्यामुळे मानसिक आजार जडलेल्या १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. लिथियम थायरॉइडमधून संप्रेरक बाहेर पडणं रोखतं, म्हणून लिथियम सुरू करण्याआधी आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच बघायचं असतं. मूत्रपिंड आणि कॅल्शियमही. उलट थायरॉइड जोरात चाललं तर धडधड, निद्रानाश, अस्वस्थपणा येतो आणि तोही मनाचाच आजार वाटतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१ सांगतं की आरोग्यसेवेत मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीनं वागवावं. पण आमच्याकडे रक्ततपासणीसाठी लोकलनं जावं लागतं आणि मनोरुग्णाला एकटं बसवता येत नाही. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. मग तपासणी ‘पुढच्या महिन्यात’ जाते.

म्हणून विनंती आहे. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांचं रक्त जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात, विनामूल्य घेतलं जावं, आणि लिथियमवरच्या प्रत्येकाच्या केसपेपरवर पुढच्या टीएसएचची तारीख लिहिण्याचा आदेश आपण काढावा.

आपली,
आंबिवलीची एक रहिवासी