फुलराणीचे उच्चार आणि समीक्षेचे मौन

पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) या नाटकाविषयी मराठी समीक्षा बोलू लागली की रूपांतराच्या कौशल्यापाशी थांबते. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे परकेपण कसे नाहीसे झाले, भक्ती बर्वे यांनी मंजुळा कशी उभी केली, एवढे नोंदवून ती मोकळी होते. फुले विकणाऱ्या मुलीला प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात शिरण्यासाठी स्वतःची बोलीच उंबऱ्याबाहेर का ठेवावी लागते, हा प्रश्न तिला केवळ विनोदाचे निमित्त वाटतो.

‘पिग्मॅलियन’ प्रथम रंगभूमीवर आले ते १९१३ साली, व्हिएन्नात आणि जर्मन अनुवादातून. लंडनच्या उच्चारांवर बेतलेले नाटक परभाषेत उभे राहू शकले, कारण त्याचा गाभा उच्चारांवरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या व्यवस्थेत आहे. इंग्लंडात ती वर्गाची व्यवस्था होय. महाराष्ट्रात तिच्यात जात आणि प्रदेशही मिसळतात. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्याचे कूळ येथे न विचारता ठरते.

या संदर्भात मूकपटाचा काळ आठवावा. टेलिफोन ऑपरेटर असलेली रुबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने पडद्याची सम्राज्ञी झाली. वेश, चाल आणि नजर एवढ्यावर तिला त्या चंदेरी जगात प्रवेश मिळाला. बोलपट आला आणि तिला काम थांबवून हिंदुस्थानी शिकावी लागली. ‘पिग्मॅलियन’वरील पहिला चित्रपटही १९३५ साली, म्हणजे पडदा बोलू लागल्यावरच, निघाला. मूकपटातील गरीब मुलीची परीक्षा कपड्यांवर संपत असे; मंजुळेची परीक्षा तोंड उघडल्यावर सुरू होते.

‘ती फुलराणी’च्या तीनच वर्षे आधी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. त्यातील भाषेने कोणाही प्राध्यापकाकडे दुरुस्तीसाठी अर्ज केला नाही. समीक्षेने तिला विद्रोह म्हटले, तर मंजुळेच्या बोलीला गंमत. एकाच शहरातील, प्रमाणभाषेबाहेरच्या दोन भाषांसाठी असे दोन खण ठेवण्यात समीक्षेची सोय होती, दुसरे काय! वास्तविक प्रा. जहागीरदारांवर (आडनावही पाहण्यासारखे आहे) सूड उगविण्याची प्रतिज्ञा करणारे मंजुळेचे स्वगत तिच्या असंस्कारित बोलीत आहे आणि प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले ते तेच. सुधारलेल्या मंजुळेचे एकही वाक्य इतके टिकलेले नाही. संहितेनेच दिलेली ही साक्ष समीक्षेने नोंदवून घेतलेली नाही.

तिचे मोल औशासारख्या गावी अधिक कळते. हैदराबाद संस्थानात, १९४८ पर्यंत, येथील राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ती गेली आणि तिच्या जागी पुण्याची मराठी आली. घरची बोली दोन्ही वेळा बाहेरच राहिली. औशाच्या बाजारात मित्राला ‘काय करायलास?’ असे विचारणारा विद्यार्थी वर्गाच्या दारात वाक्य बदलतो, आणि आत जाऊन ‘ती फुलराणी’वरील उत्तर लिहितो. प्रश्न असतो रूपांतराच्या कौशल्यावर, गुण दहा.