आधी निदान, मग डांबर

उन्हाळ्याच्या तोंडी हिमालयातील खिंडी मोकळ्या झाल्या की मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता आपल्या जखमा उघड्या करून उभा राहतो. कोठे डांबराला जाळीदार तडे गेलेले, कोठे रस्त्याची पाठ फुगलेली, तर कोठे चाकाखाली सारा थरच दबलेला. मग दुरुस्तीची घाई होते, निविदा निघतात आणि काळाभोर नवा थर जुन्या व्यथेवर पसरला जातो. आमचा प्रश्न साधा आहे. या थराची जाडी ठरविण्यापूर्वी खालच्या रस्त्याची प्रकृती कोणी, केव्हा आणि कशी तपासली?

हा दूरदेशीचा विषय आहे असे पुण्यामुंबईच्या वाचकाने मानू नये. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेचे हजारो कामगार व अभियंते हे रस्ते राखतात आणि त्यांच्या दलाचे केंद्र पुण्यानजीक दिघीलाच आहे. या मार्गावरूनच सैनिकांची रसद जाते. लडाखी गृहस्थाचे धान्य नि इंधनही जाते. शिवाय खर्च होणारा पैसा आपणां सर्वांचा आहे.

थंड प्रदेशातील रस्ता मोडतो तो वाहनांच्या भाराने, हे खरे. परंतु त्या मोडण्याची तयारी हिवाळ्यात जमिनीखाली चाललेली असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तथापि रस्ता उचलला जातो तो केवळ त्यामुळे नव्हे. तळमातीत पोयट्यासारखे बारीक कण असले आणि खाली ओलावा असला, तर गोठणारा थर खालचे पाणी वर खेचून घेतो आणि मातीत बर्फाच्या चकत्या साचत जातात. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास गोठताना आकसणारे बेंझीन वापरूनही माती फुगते, हे प्रयोगाने दाखविले. थंडी, पाणी आणि बारीक माती या त्रयीपैकी एक जरी नाहीशी केली तरी हे संकट टळते. थंडी आपल्या हाती नाही. पाणी आणि माती मात्र आहेत.

खरा घात होतो तो वसंतात. बर्फ वरून वितळू लागतो, खालचा थर अजून गोठलेलाच असतो. पाण्याला निचरा नसतो आणि तळमातीचा चिखल होतो. इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सुमारे अकरा लाख आसभार फिरवून जी प्रसिद्ध चाचणी झाली, तीत डांबरी तुकड्यांची मोडतोड याच ऋतूत विशेष वेगाने झाली. मिनेसोटासारख्या राज्यांत म्हणूनच वसंतात जड मालमोटारींच्या भारावर बंधन असते.

यावरून परीक्षेचा काळ कोणता, हे उघड व्हावे. भरलेल्या मालमोटारीच्या चाकाखाली रस्ता किती लवतो हे मोजणारा बेंकेलमन बीम आपल्याकडे सुपरिचित आहे. वजन आपटून रस्त्याच्या लवण्याचा सारा आकार टिपणारे यंत्रही आता आहे. पण गोठलेला रस्ता दगडासारखा ताठ असतो, आणि कोरड्या सप्टेंबरातही तो धट्टाकट्टा भासतो. ज्वर उतरल्यावर रोग्याची नाडी पाहावी, तशी ही तपासणी! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांतही रस्ता सर्वांत दुर्बल असताना मोजावा असेच तत्त्व आहे. मैदानी मुलखात तो काळ पावसाळ्यानंतरचा. हिमप्रदेशात तो वितळणीचा. मैदानासाठी ठरविलेले ३५ अंशांचे प्रमाण-तापमान थंड, उंच भागांस लावू नये, हेही त्या सूत्रांनी मान्य केले आहे.

यावर आक्षेप येईल की, ज्या आठवड्यांत मोजमाप घ्यावयाचे त्याच आठवड्यांत सारे मनुष्यबळ बर्फ उपसण्यात गुंतलेले असते, आणि कामाचे महिने तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही अडचण खोटी नाही, आणि मोजमापासाठी एक हंगाम थांबणे म्हणजे लडाखच्या जनतेने आणखी एक वर्ष खड्ड्यांतून जाणे, हेही आम्ही जाणतो. परंतु ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलपर्यंत पोहोचणे पूर्वीसारखे दुर्घट राहिलेले नाही. तांगलांग लासारख्या पाच हजार मीटरांहून उंच जागी तापमापक यंत्रे रस्त्यातच पुरून ठेवता येतात. खड्डे खणून मातीचे नमुने तर शरद ऋतूतही घेता येतात. आणि सारा मार्ग एकाच वर्षी तपासावा असा हट्ट कोणी धरलेला नाही. आधी वाईट तुकडे निवडावेत, एका वसंतात मोजावेत, पुढच्या हंगामात बांधावेत. तोवर तात्पुरती डागडुजी चालू ठेवावी.

तपासणीनंतर पुष्कळदा असे दिसेल की, जाड डांबराची गरजच नव्हती. तुंबलेली मोरी मोकळी करून डोंगराकडची नाली खोल करणे पुरेसे होते. कोठे उलट असेही दिसेल की, वरचा थर कितीही जाड केला तरी व्यर्थ. खालची माती काढून जाडी खडी भरल्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही उत्तरे ठेकेदारास कदाचित रुचणार नाहीत, पण सरकारी तिजोरीस रुचतील.

म्हणून आमची मागणी अशी की, हिमप्रदेशातील रस्त्याच्या पुनर्बांधणीची कोणतीही निविदा वितळणीच्या काळातील मोजमाप, मातीची परीक्षा आणि निचऱ्याची पाहणी जोडल्यावाचून निघू नये; आणि संरक्षणाच्या दृष्टीने जे गुप्त ठेवणे अवश्य असेल ते वगळून हे निष्कर्ष जनतेपुढे यावेत. रस्ता किती किलोमीटर काळा झाला याचा हिशेब आजवर पुष्कळ मांडला गेला. तिसऱ्या वसंतानंतर त्यातला किती शाबूत राहिला, याचा हिशेब आता मांडला जावा.