आम्ही ते आम्हीच

मराठी भाषेत नाव ठेवण्याचे दोन प्रकार पूर्वापार चालत आले आहेत. बारशाला किंवा बाप्तिस्म्याला ठेवतात ते एक नाव, आणि पाणवठ्यावर शेजारणी एकमेकींना ठेवतात ती दुसरी नावे. अलीकडे यांत तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. हा प्रकार सर्वस्वी सरकारदरबारचा असून त्यात नाव सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, संगणकात भरणारा तिसरा आणि त्याचे फळ भोगणारा चौथा असतो. या चौथ्या इसमाविषयी आज दोन शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे.

वाचकहो, निमित्त मतदारयाद्यांचे. निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये बिहारात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण आरंभिले, आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला आणखी बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांची पाळी आल्याचे जाहीर केले. त्यांत गोवा होता, मध्य प्रदेश होता, गुजरातही होता. म्हणजे पणजी, इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील आमचे वाचक एकाच फेऱ्यात सापडले. आम्ही बेळगावात बसून गोव्यातील नातलगांचे दूरध्वनी घेत होतो. प्रत्येकाचा प्रश्न एकच: २००२ च्या सुमाराच्या यादीत आपण कोठे होतो?

याद्या स्वच्छ कराव्यात याविषयी आमचा वाद नाही. जे देवाघरी गेले, जे गाव सोडून गेले, जे दोन ठिकाणी दोनदा जिवंत आहेत, त्यांचा हिशेब कोणी तरी घ्यायलाच हवा. उन्हातान्हात घरोघर हिंडून हे काम करणाऱ्या शिक्षकांविषयी आणि अंगणवाडी सेविकांविषयी आम्हांस सहानुभूतीच वाटते. परंतु रीत पाहा. बिहारात प्रारंभी जी अकरा कागदपत्रे ग्राह्य ठरली, त्यांत आयोगाने स्वतः दिलेले मतदार ओळखपत्र नव्हते! फादरांनी आपल्याच सहीशिक्क्याचा दाखला हाती घ्यावा आणि "हा कोणी दिला बुवा?" असे विचारावे, तसेच हे झाले. आधार कार्डही त्या यादीत नव्हते. ते बारावे म्हणून स्वीकारावे असे सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबर २०२५ रोजी सांगावे लागले, आणि तेही केवळ ओळखीपुरते.

गोव्यातील प्रकार तर वृत्तपत्रांत गाजला. ॲडमिरल अरुण प्रकाश हे १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी. २००४ ते २००६ या काळात ते देशाचे नौदलप्रमुख होते व निवृत्तीनंतर गोव्यात स्थायिक झाले. जानेवारी २०२६ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी हजर राहावे, अशी नोटीस आली. ॲडमिरलांचे वय ८२, पत्नीचे ७८. जायचे १८ किलोमीटर. आणि दोघांना तारखा दोन वेगवेगळ्या. आयोगाचा खुलासा असा की अर्जातील मागच्या यादीचा तपशील भरला गेला नव्हता, म्हणून नोटीस निघाली. कोणा अधिकाऱ्याच्या मनात काही वैर होते असे नव्हे. रकाना रिकामा राहिला, आणि रिकाम्या रकान्याला आरमार कळत नाही.

लूककृत शुभवर्तमानात योसेफाला नावनिशीसाठी बेथलेहेमास जावे लागल्याचे आपण दर नाताळात ऐकतो. प्रवास लांबचा होता, उतरायला जागा मिळाली नाही, हे सारे त्यात आहे. पण कारकुनाने "पत्नीची तारीख निराळी आहे" म्हणून मरियेला परत पाठविल्याचे मात्र त्यात कोठे आढळत नाही. रोमन साम्राज्याला संगणक लाभला नव्हता.

पश्चिम बंगालात संगणकाने 'तार्किक विसंगती' नावाचा एक वर्गच काढला. आईबाप आणि मूल यांच्या वयांत पंधरा वर्षांहून कमी अंतर दिसले तर विसंगती. पित्याचे नाव जुन्या यादीशी जुळले नाही तर विसंगती. आणि सहा किंवा अधिक मतदारांनी एकच बाप सांगितला तरी विसंगती. अर्थशास्त्राचे नोबेल मिळविलेले डॉ. अमर्त्य सेन यांच्याही घरी अशी नोटीस गेली. शेवटी १९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, असली नावे लोकांना दिसतील अशी लावा, असा आदेश दिला. सहा मुलांची ती अट वाचून आम्ही क्षणभर चष्मा पुसला. आमच्या वडिलांच्या पिढीत आमच्या चर्चच्या परिसरातील एकूण एक घर म्हणजे तार्किक विसंगती होते, आणि रविवारच्या मिस्सेला पुढची दोन बाकडी एकाच विसंगतीने भरत असत.

आता आपल्या नावांकडे वळू. इतरांना एक भाषा आड येते, आपल्याला चार. पेत्र हे एकच नाव घ्या. धर्मग्रंथात पेत्र, पोर्तुगीज कागदात पेद्रो, घरी पेद्रू आणि कॉन्व्हेंटच्या दाखल्यावर पीटर. मुळात तो बिचारा सिमोन, आणि प्रभूने दिलेले नाव केफा. आजच्या काळी स्वर्गाच्या किल्ल्या ताब्यात घेताना त्याला निदान दोन प्रतिज्ञापत्रे जोडावी लागली असती. आडनावांची गोष्ट याहून बिकट. फर्नांडिस, फर्नांडीस आणि फेर्नांदिश हे तीन सख्खे भाऊ निघू शकतात. डिसोझा घराण्याचे दुखणे म्हणजे डी या अक्षराच्या डोक्यावर बसणारे ते स्वल्पविरामासारखे चिन्ह. पोर्तुगीज मूळ 'द सोझा' मध्ये ते नाही. ते पुढे इंग्रजी वळणाने आले असावे. विमानाच्या तिकिटावर ते गळून पडते, काही अर्जांत त्याच्या जागी कोरी जागा सुटते, आणि काही अर्ज "अवैध अक्षर" म्हणून लाल होतात. पिढ्यान्पिढ्या सन्मानाने मिरविलेले आडनाव अवैध ठरते ते असे.

आमच्या परिचयाच्या एक मावशी आहेत. (त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही, शिवाय कोणते सांगावे हाच तर प्रश्न आहे.) जन्म बार्देशातील, पोर्तुगीज अमदानीतला. बाप्तिस्म्याच्या वहीत मारिया. लग्न होऊन बेळगावास आल्या तेव्हा विवाहनोंदीत मेरी. रेशनकार्ड लिहिणाऱ्या गृहस्थाने कानाला ऐकू आले ते कानडीत लिहिले, आणि त्यावरून कोणी पुन्हा इंग्रजीत उतरविले तेव्हा एक निराळेच नाव जन्माला आले. आधार कार्डावर मॅरी. यजमान गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाले, ते यजमानांच्या नोकरीच्या कागदावरील पाचव्याच नावाने. कित्येक वर्षे काही अडले नाही, कारण बँकेतील माणसे त्यांना तोंडाने ओळखत.

मग ओळखपडताळणीचे नवे फर्मान निघाले. आधारवरील नाव आणि पासबुकावरील नाव जुळेना, म्हणून खाते गोठविले गेले. खिडकीवरचा तरुण सभ्य होता. तो उठून उभा राहिला, मावशींना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, "आजी, मला पटते हो, पण सिस्टीम घेत नाही." या वाक्यापुढे आपल्या देशात अपील नाही. पूर्वी "साहेब रजेवर आहेत" असे सांगत. त्यात निदान साहेब परत येण्याची आशा असे.

आधार दुरुस्त करावे म्हटले, तर नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते असा नियम. पहिली संधी आडनाव लावण्यात गेली होती, आणि दुसरीत आडनाव नीट झाले तेव्हा पहिले नाव बिघडले होते. आता अपवादाचा अर्ज, राजपत्रातील जाहिरात आणि मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र. त्या प्रतिज्ञापत्रात मावशींनी शपथपूर्वक सांगायचे की वर लिहिलेल्या पाचही स्त्रिया म्हणजे आपण एकच होय. नोटरीने वाचून दाखविले तेव्हा मावशी आम्हांस म्हणाल्या, "बाळा, नावे पाच माझीच, पण पेन्शन एकीलाही नाही."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपण हसत म्हणतो. मावशी सात महिने थांबल्या. त्या मुदतीत त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही, कोणाला काही कळूही दिले नाही. पुढे डॉक्टरांनी रक्तदाब मोजून भुवया उंचावल्या, तेव्हा उलगडा झाला की रोजची गोळी त्या एक दिवसाआड घेत होत्या. थकलेली रक्कम अखेर मिळाली, पूर्ण मिळाली. त्या चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवण्यास मात्र कोणत्याही अर्जात रकाना नाही.

आणि हे एकाक्षरी सोवळे पाळावयास सांगणाऱ्यांचे स्वतःचे घर कसे आहे? आपल्या राज्यघटनेचे पहिलेच कलम देशाची दोन नावे सांगते: इंडिया, म्हणजेच भारत. त्यासाठी कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले. तेथील उच्च न्यायालय मात्र इंग्रजीत अद्याप बॉम्बेच आहे, आणि त्याच बॉम्बेच्या नावाने गोव्यातही न्याय देते. न्यायालयांची नावे बदलण्याचे विधेयक २०१६ मध्ये लोकसभेत आले आणि लोकसभेबरोबर विसर्जित झाले. बडोद्याचे १९७४ साली वडोदरा झाले, तरी विद्यापीठ आणि बँक बडोद्याचीच राहिली. रेल्वेने उतरावे तर मडगाव, गावात इंग्रजी पाटी वाचावी तर मारगाव. आमच्या गावाचे तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, तेव्हा आमचे बेळगाव बेळगावी झाले. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला तो झालाच, आणि आम्ही यांपैकी कोणते नाव उच्चारतो यावर समोरचा मनुष्य चहा पाजावा की नाही ते ठरवितो.

गंमत अशी की गावाने नाव बदलले तेव्हा गावाला कोणी खिडकीवर उभे केले नाही. जुन्या नावाची पत्रे पोहोचत राहिली, जुन्या खरेदीखतांवरील जमीन जागची हलली नाही. बेळगाव ते बेळगावीच हे सर्वांनी समजुतीने घेतले. हीच समजूत मावशींच्या वाट्याला का येऊ नये, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. कागद करणाराने चूक केली असेल तर ती निस्तरण्याचा खर्च, खेटे आणि उपास त्याने भोगावेत, ऐंशीच्या घरातील विधवेने नव्हे. इतके तर आम्ही लहानपणी गोट्यांच्या खेळातही पाळीत होतो. पूर्वी गावचा पाटील किंवा दोन पंच "हीच ती" असे सांगत आणि काम होई. चर्चच्या वहीतील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या ओळी अजून शाबूत आहेत. त्यांवर त्या त्या काळच्या फादरांच्या सह्या आहेत. त्यांना पुराव्यात मान द्यावा आणि किरकोळ अक्षरभेदासाठी खाते गोठवू नये, एवढे मागणे फार मोठे नव्हे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्यानंतर जन्मलेल्यांचा जन्मदाखला हाच शाळेपासून पारपत्रापर्यंत सर्वत्र चालणारा एकमेव आधार ठरला आहे. नव्या पिढीची यातायात त्यामुळे कमी होईल, असे म्हणतात. होवो बापडी. तरुण आईबाप आतापासूनच सावध झाले आहेत खरे. गेल्या महिन्यात एका बाप्तिस्म्यास आम्ही हजर होतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव द्यावे, मागून एखाद्या संताचे आणि धर्मपित्याचे जोडावे, अशी चाल आहे. येथे फादरांनी मोठ्याने विचारले तेव्हा बापाने दोनच अक्षरी नाव सांगितले. कॉफीच्या वेळी आजीने हळूच विचारले, "आणि आजोबांचे रे?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आई, अर्जात चौकोन संपले."